औंधचें स्वराज्य आणि केनियाची हुकलेली वाट

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. भंडारा जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत मी सातवीच्या मुलांना आफ्रिका खंडाचा भूगोल शिकवीत होतों. भिंतीवर नकाशा टांगला होता. विषुववृत्त ज्याच्या मधून जातें त्या केनिया देशाचें उंच पठार, तेथील चहाकॉफीचे मळे, मोंबासा बंदराहून निघून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी आगगाडी, ही सर्व माहिती सांगून झाल्यावर ओघानेंच तेथील गोऱ्या मळेवाल्यांचा उल्लेख आला. आणि १९५२ पासून पुढें सात-आठ वर्षें त्या देशांत जो रक्तपात झाला तोहि मीं चार वाक्यांत उरकला. तेव्हां शेवटच्या रांगेंतील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, गोऱ्यायनं आधीच राज देऊन टाकलं असतं त काय झालं असतं?"

मीं उत्तर दिलें कीं, इतिहासांत 'जर' आणि 'तर' यांना जागा नसते, खालीं बैस. मुलगा बसला, घंटा झाली, आणि वर्ग सुटला. मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शिक्षकाजवळ अशीं तयार उत्तरें पुष्कळ असतात. त्याला खरें उत्तर देतां येण्याइतकें मला ठाऊक नव्हतें, हें मीं कबूल करावयास हवें होतें. सेवानिवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हां तो प्रश्न पुन्हां वर आला. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां मी आफ्रिकेंतून निघून आपल्याच महाराष्ट्रांत येऊन पोंचलों. तो प्रवास आज आपणांस सांगावा असा मानस आहे.

'जर-तर'चे प्रश्न दोन जातींचे असतात. पानिपतच्या रणांगणावर त्या दिवशीं वारा फिरला असता तर काय झालें असतें, ही एक जात. त्यावर कल्पनेचे घोडे कितीहि दौडवावे, हातीं कांहीं लागत नाहीं. दुसऱ्या जातीचा प्रश्न निराळा असतो. ज्याच्या हातीं सत्ता होती त्याच्यासमोर दुसरी वाट उघड दिसत होती, कोणी तरी बोट करून ती दाखवीत होता, दुसरीकडे ती चालून पाहिली गेली होती, आणि तरीहि त्यानें ती धरली नाहीं. अशा ठिकाणीं 'जर' विचारणें हा मनाचा खेळ नव्हे. हिशेब तपासण्याचाच तो एक प्रकार आहे. केनियाचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा आहे.

प्रथम औंधाकडे वळूं. सातारा, सोलापूर व विजापूर या जिल्ह्यांच्या हद्दींत तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें हें एक लहानसें संस्थान होतें. क्षेत्रफळ सुमारें पांचशें चौरस मैल, गांवें बहात्तर, लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. औंध, कुंडल, आटपाडी हे त्याचे भाग एकमेकांना लागूनहि नव्हते. संस्थानचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंत प्रतिनिधि हे चित्रकार म्हणून आणि सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्राला परिचित होते. वयाची सत्तर वर्षें पुरीं होत असतां, १९३८ च्या नोव्हेंबरांत, त्यांनीं जाहीर केलें कीं, राज्याचा कारभार यापुढें प्रजेच्या हातीं सोंपवावयाचा. त्यांच्यावर त्या वेळीं कोणीं मोर्चा आणला नव्हता, कीं वाड्याला वेढा घातला नव्हता.

घोषणा करणें सोपें असतें. कलमें लिहिणें अवघड. या कामीं राजेसाहेबांचे दोन साहाय्यक होते. एक त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, नुकतेच ऑक्सफर्डचें शिक्षण संपवून व बॅरिस्टर होऊन आलेले, वय अवघें सव्वीस. आणि दुसरे मॉरिस फ्रिडमन नांवाचे पोलंड देशचे एंजिनियर, जे स्वामी भारतानंद या नांवानेंहि ओळखले गेले. मसुदा महात्मा गांधींना दाखवावयाचा म्हणून हे दोघे वर्ध्याजवळच्या शेगांवीं गेले. हेंच शेगांव पुढें १९४० मध्यें सेवाग्राम झालें. आम्हां भंडाऱ्याच्या लोकांना वर्धा म्हणजे शेजारचेंच गांव. परंतु तेथल्या एका झोंपडींत बसून एका मराठी राज्याची घटना ठरली, हें आमच्यापैकीं कितींना ठाऊक असेल? मला तरी साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतें.

दिनांक २१ जानेवारी १९३९ रोजीं ती घटना अमलांत आली. तिची रचना अशी होती. गांवकऱ्यांनीं आपले पांच पंच निवडावे. गांवोगांवच्या पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका-समिति व्हावी. तालुक्यांतून मध्यवर्ती सभेवर प्रतिनिधि जावे आणि मंत्रिमंडळ त्या सभेला जबाबदार असावें. महसुलाचा मोठा वांटा तालुक्याच्या हातीं राहावा, म्हणजे शाळा, विहीर, रस्ता यांसाठीं दर खेपेस राजधानीपुढें हात पसरावा लागूं नये. आपल्या देशांत त्या काळीं ज्या सुधारणा इंग्रज सरकार हप्त्याहप्त्यानें देत होतें त्यांचा आरंभ कौन्सिलच्या खुर्च्यांपासून होई आणि गांवापर्यंत त्या क्वचितच येऊन पोंचत. औंधानें आरंभच गांवापासून केला.

या प्रयोगाचें कौतुक करतांना भान सोडूं नये. नऊ वर्षेंच काय तीं त्याला लाभलीं. ८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजाच्या डोक्यावर इंग्रज सरकार होतेंच, त्यामुळें सैन्य, परराष्ट्र, चलन हीं ओझीं नव्या कारभाऱ्यांवर पडलीं नाहींत. राजा व प्रजा एका भाषेचीं, एका मातीचीं होतीं. तथापि तेव्हांचे शहाणे लोक जें म्हणत होते, कीं निरक्षर कुणब्याच्या हातीं कारभार दिला तर चार महिन्यांत दंगे होतील, तें मात्र झालें नाहीं. उलट आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची भिंती-कुलुपांवांचूनची कैद्यांची वसाहत याच राजवटींत निघाली, आणि 'दो आंखें बारह हाथ' या १९५७ सालच्या बोलपटाची कल्पना तिच्यावरूनच सुचली. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यांत पत्री सरकार उभें राहिलें, तेव्हां इंग्रज हद्दींत ज्यांचा पाठलाग होई असे भूमिगत कार्यकर्ते औंध संस्थानच्या कुंडल गांवीं आसरा घेत. एकाच मुलुखांत, ओढ्याच्या अलीकडे गोळीबार व पलीकडे पंचायतीची बैठक, असा तो काळ होता.

आतां नैरोबीकडे जाऊं. संस्थान विलीन झालें त्याच वर्षीं, म्हणजे १९४८ सालीं, अप्पासाहेब पंत यांना पंडित नेहरूंनीं ब्रिटिश पूर्व आफ्रिकेंत हिंदुस्थान सरकारचे कमिशनर म्हणून पाठविलें. संस्थानांत ते प्रथम मंत्री व पुढें मुख्य प्रधान होते. म्हणजे सत्ता देऊन टाकण्याचें काम ज्यानें कागदावर व प्रत्यक्षांत दोन्हीकडे केलें होतें, असा मनुष्य नेमका अशा देशांत जाऊन बसला कीं जेथें सत्ता देण्याचें नांव कोणी काढीत नव्हतें.

तेथील स्थिति थोडक्यांत अशी. पन्नास लाखांवर आफ्रिकी लोक, सुमारें एक लाख हिंदी, आणि तीस हजारांच्या आंतबाहेर गोरे. उंचावरची थंड व सुपीक जमीन गोऱ्यांसाठीं राखून ठेवलेली. तिला नांवच मुळीं 'व्हाइट हायलँड्स', म्हणजे गोऱ्यांचें पठार. १९१५ च्या कायद्यानें तेथील पट्टे ९९९ वर्षांच्या मुदतीनें देतां येऊं लागले. हजाराला एक वर्ष कमी! आमच्याकडे वतनाच्या सनदेंत चंद्रसूर्य असेपर्यंत असें लिहीत. इंग्रज हिशेबी, त्यानें आंकडा घातला. त्या पठारावर हिंदी मनुष्यालाहि शेतजमीन घेण्याची मनाई होती. मूळच्या किकुयू शेतकऱ्याला आपल्या बापजाद्यांच्या शेतावर मजूर म्हणून राहावें लागे, आणि 'किपांडे' नांवाचा ओळखीचा दाखला डब्यांत घालून गळ्यांत अडकवावा लागे. एवढें सगळें असून १९२३ सालीं खुद्द लंडनच्या सरकारनें लेखी जाहीर केलें होतें कीं, केनिया हा आफ्रिकी लोकांचा देश आहे व त्यांचें हित सर्वांत वरचढ समजलें जावें. वचन कागदावर राहिलें आणि पट्टे जमिनीवर राहिले.

आपल्या लोकांचें वर्तन तरी कसें होतें? मोंबासापासूनचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत हिंदी मजुरांनींच बांधला. त्यांतले सुमारें अडीच हजार तेथेंच मेले. त्यांच्या मागून दुकानदार आले, गोव्याकडचे कारकून आले. गोऱ्यांच्या खालीं व आफ्रिकी लोकांच्या वर, अशी मधली पायरी आपल्या लोकांना मिळाली होती, आणि पुष्कळांना ती सोडवत नव्हती, हें आपण झांकून ठेवूं नये. नेहरूंचें धोरण असें होतें कीं, हिंदी लोकांनीं तेथें निराळे हक्क मागूं नयेत, आफ्रिकी लोकांच्या मागणीमागें उभें राहावें. अप्पासाहेबांनीं तें धोरण शब्दशः पाळलें. जोमो केन्याटा व पीटर कोइनांगे यांच्याशीं त्यांनीं मैत्री जोडली. आफ्रिकी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन हिंदुस्थानांत शिकावयास पाठविलें. गोऱ्या मळेवाल्यांना ते डोळ्यांत सलूं लागले, इंग्रज सरकारनें दिल्लीकडे तक्रार केली, आणि १९५४ सालीं त्यांना परत बोलवावें लागलें. सहा वर्षें तो मनुष्य नैरोबींत होता. औंधची घटना कशी चालली, हें त्याला विचारावयाचें असतें तर विचारतां आलें असतें.

श्रोते हो, आतां मी एका तारखेशीं येतों, कारण त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर माझ्या मतें त्या तारखेंत आहे. १९५१ च्या मे महिन्यांत इंग्लंडचे वसाहतमंत्री जेम्स ग्रिफिथ्स केनियांत आले. ते मजूर पक्षाचे, स्वतः खाणींत राबलेले गृहस्थ. केन्याटांच्या केनिया आफ्रिकन युनियन या संस्थेनें त्यांच्यापुढें मागणी ठेवली, ती अगदीं माफक होती. स्वातंत्र्य मागितलें नव्हतें; बहुमतहि मागितलें नव्हतें. वर्णभेदाचे कायदे काढा आणि कायदेमंडळांत आमचे बारा निवडलेले सभासद घ्या, एवढेंच. उत्तर असें मिळालें कीं, सुमारें तीस हजार गोऱ्यांना चौदा जागा, लाखभर हिंदी लोकांना सहा, अरबांना एक, आणि पन्नास लाख आफ्रिकी लोकांना पांच. शिवाय या पांच जागाहि निवडणुकीनें भरावयाच्या नाहींत, सरकारनें नेमावयाच्या.

याच वर्षाच्या ३१ मार्चला, म्हणजे ग्रिफिथ्ससाहेबांच्या आगमनाच्या अवघे कांहीं आठवडे आधीं, आमच्या भंडारा जिल्ह्यांत एक मोठें स्थित्यंतर झालें होतें. आम्ही तेव्हां मध्यप्रदेशांत होतों. त्या प्रांताच्या १९५० च्या कायद्यानें त्या दिवशीं मालगुजारी नाहींशी झाली. माझे आजोबा मालगुजाराचे कूळ. वाड्यावर बेगारीला जाणें हें त्यांच्या जन्माला पुजलेलें होतें. माझे वडील तेव्हां अठरा-एकोणीस वर्षांचे होते. ते सांगत कीं, त्या दिवसांत गांवांत कांहीं तरी अघटित होणार या अपेक्षेनें ते आजोबांबरोबर चावडीपर्यंत गेले. तर तेथें पटवारी वही उघडून बसला होता, इतकेंच. ढोल नाहीं, लाठी नाहीं. मालगुजारांना त्यांची सीर व खुदकास्त जमीन ठेवूं दिली, गांवाच्या मालकीबद्दल मोबदला ठरविला, आणि रयतेचा सारा थेट सरकारांत जाऊं लागला. आजोबांना कित्येक दिवस खरेंच वाटेना. ते सवयीनें वाड्यावर जात आणि काम नाहीं असें ऐकून परत येत.

सर्व अन्याय त्या वहीनें पुसला असें मी म्हणत नाहीं. ज्याच्याजवळ कुळवहिवाटीची जमीनहि नव्हती त्या मजुराच्या पदरांत त्या दिवशीं कांहींच पडलें नाहीं. आणि मोबदला कां म्हणून द्यावा, असें विचारणारेहि पुष्कळ होते. परंतु शेंकडों गांवांची मालकी एका तारखेला बदलली आणि त्यासाठीं कोणाचा जीव गेला नाहीं. आमच्या येथें जें झालें त्याचेंच मोठें रूप केनियांत अवघड होतें खरें. मालगुजार आमच्याच गांवांत राहणारे, आमचीच बोली बोलणारे होते, आणि त्यांच्यामागें समुद्रापलीकडचें साम्राज्य उभें नव्हतें. तरीहि तुलनेला जागा आहे. कारण जी युक्ति आमच्याकडे वापरली गेली तीच पुढें केनियांतहि वापरावी लागली. कधीं, तें मी पुढें सांगणारच आहें.

ग्रिफिथ्स परत गेले. शांततेनें कांहीं मिळेल असें म्हणणाऱ्या वडील माणसांचें वजन त्या दिवसापासून घटत गेलें, आणि रात्रीं रानांत शपथा घेणाऱ्या तरुणांचें वाढत गेलें. २० ऑक्टोबर १९५२ रोजीं गव्हर्नर बेरिंग यांनीं आणीबाणी पुकारली व केन्याटांना पकडलें. कापेनगुरिया या आडगांवीं त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बचावासाठीं इंग्लंडहून प्रिट, दिल्लीहून दिवाण चमनलाल, आणि नैरोबींतले तरुण हिंदी वकील उभे राहिले. त्यांत मूळचे गोव्याचे फिट्झ डिसूझा हेहि होते. केन्याटांना सात वर्षांची शिक्षा झाली. वस्तुतः रानांतल्या टोळ्यांना आवरूं शकेल असा तोच एक वजनदार मनुष्य होता. त्यालाच डांबून ठेवल्यावर आवरणारें कोणी उरलें नाहीं.

पुढचा वृत्तांत दुःखाचा आहे, आणि तो मी लांबवीत नाहीं. सरकारी आंकड्यांप्रमाणें अकरा हजारांहून अधिक बंडवाले मारले गेले. हजारांवर लोक फांसावर चढविले गेले. सरकारपक्षाच्या आफ्रिकी लोकांतलेहि अठराशेंच्या आसपास बळी पडले. ज्यांच्या रक्षणासाठीं हें सारें केलें, त्या गोऱ्या रहिवाशांपैकीं या सर्व वर्षांत मारले गेलेले बत्तीस. लक्षावधि किकुयूंना कुंपणांच्या वस्त्यांत कोंडण्यांत आलें. ३ मार्च १९५९ रोजीं होला येथील छावणींत अकरा बंदिवानांना बडवून ठार केलें, तेव्हां इंग्लंडच्या पार्लमेंटला जाग आली. १९६० च्या आरंभीं आणीबाणी उठली, १९६१ सालीं केन्याटा सुटले, आणि १२ डिसेंबर १९६३ रोजीं देश स्वतंत्र झाला. म्हणजे ज्यांना बारा जागा नाकारल्या त्यांनाच बारा वर्षांनीं सर्व देश द्यावा लागला.

'पण दुसरें कांहीं होणें शक्यच नव्हतें,' असें म्हणणारे विद्वान आहेत. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा असा: आफ्रिकी लोकांना १९५१ सालीं मोठा वांटा दिला असता, तर गोरे मळेवालेच बंड करून उठले असते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. १९२२-२३ च्या सुमारास हिंदी लोकांना बरोबरीचा मताधिकार मिळणार अशी नुसती हूल उठली, तर याच मळेवाल्यांनीं गव्हर्नरला पळवून नेण्याचा कट शिजविला होता. आणि दक्षिण ऱ्होडेशियांतल्या गोऱ्यांनीं तर १९६५ सालीं खरोखरच इंग्लंडला झुगारून स्वतःचें राज्य पुकारलें. परंतु दोहोंत अंतर होतें. ऱ्होडेशियाचे गोरे संख्येनें कितीतरी अधिक, त्यांच्या हातीं स्वतःचें सरकार व स्वतःचें सैन्य. केनियाचे तीस हजार लोक इंग्लंडच्या फौजेवर अवलंबून. १९५२ सालीं संकट येतांच पलटणी इंग्लंडच्याच आणाव्या लागल्या. ज्याच्या पलटणीवांचून निभाव लागत नाहीं त्याचें ऐकावेंहि लागतें. लंडननें एकदां ठाम सांगितलें असतें, तर आरडाओरड झाली असती, कांहीं मळे विक्रीस निघाले असते, आणि बहुतेक लोक चडफडत कां होईना, राहिले असते. हें मी केवळ अनुमानानें म्हणत नाहीं. १९६३ नंतर प्रत्यक्षांत बऱ्याच अंशीं असेंच झालें.

दुसरा पुरावा शेजारचाच आहे. केनियाच्या दक्षिणेस टांगानिका. तेथेंहि इंग्रजांचाच अंमल, परंतु संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त या नात्यानें. तेथील पुढारी ज्यूलियस न्येरेरे हे पेशानें शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे 'गुरुजी', म्हणूनच हांक मारीत. (या पेशाची आठवण मला किंचित् अभिमानानें होते, तो दोष श्रोत्यांनीं पोटांत घालावा.) १९५८-५९ च्या निवडणुकींत सरकारनें अशी अट घातली कीं, प्रत्येक मतदारानें एक आफ्रिकी, एक आशियाई व एक युरोपीय अशा तिघांना मत दिलेंच पाहिजे. हेतु असा कीं, थोड्या गोऱ्यांना व हिंदी लोकांनाहि आफ्रिकी लोकांइतक्याच जागा मिळाव्या. पक्षांतले तापट लोक बहिष्कार घाला म्हणत होते. न्येरेरे यांनीं उलट केलें: आपल्या मताचे हिंदी व गोरे उमेदवार हुडकून काढले आणि तिन्ही प्रकारच्या जागा जिंकल्या. त्यानंतर गव्हर्नर टर्नबुल यांनीं त्यांच्याशीं समेटानें वागण्याचें धोरण ठेवलें, आणि ९ डिसेंबर १९६१ रोजीं, केनियाच्या दोन वर्षें आधीं, तो देश बंडाळीवांचून स्वतंत्र झाला. हे टर्नबुल कोण? आणीबाणीच्या काळांत केनिया सरकारांत मोठ्या अधिकारावर काम केलेले तेच गृहस्थ. मनुष्य तोच, साम्राज्य तेंच. कुंपणाच्या छावण्या पाहून आलेल्या त्या माणसानें शेजारच्या देशांत दुसरी वाट धरली. टांगानिकांत गोरे मळेवाले थोडे होते, हें सवलतीचें कारण खरेंच. आणि पुढें न्येरेरे यांच्याच राजवटींत लोकांना बळानें उठवून नव्या गांवांत बसविण्याचा प्रकार झाला, तोहि विसरतां येत नाहीं. तरी सत्ता एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली ती रक्तावांचून.

तर मग आतां त्या मुलाला उत्तर देतों. समजा, १९४८ सालीं नैरोबीच्या सरकारनें औंधासारखा पायापासून आरंभ केला असता. पाया खणावयाचीहि गरज नव्हती. १९२४-२५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत आफ्रिकी लोकांचीं स्थानिक मंडळें होतीं; पट्टी बसवून तीं शाळा काढीत. दोष एवढाच कीं, अध्यक्षाच्या खुर्चींत इंग्रज जिल्हाधिकारी बसे. त्याला त्या खुर्चींतून उठविलें असतें, मंडळाच्या हातीं महसुलाचा खरा वांटा दिला असता, आणि त्या मंडळांनींच कायदेमंडळावर आपले बारा माणूस निवडून पाठवावे असें ठरविलें असतें, तर १९५१ ची मागणी आपोआप पुरी झाली असती. केन्याटा कापेनगुरियाच्या पिंजऱ्याऐवजीं कायदेमंडळाच्या बांकावर दिसले असते. रानांतल्या शपथा मुळींच झाल्या नसत्या असें मी म्हणणार नाहीं. ज्याची जमीन गेली त्याला बांकावरच्या भाषणांनीं पोट भरतां येत नाहीं. किकुयू, लुओ, कालेंजिन यांच्यांतलीं भांडणेंहि टळलीं नसतीं; कदाचित् लवकर सुरू झालीं असतीं. देश १९६३ ऐवजीं १९५८ ला कीं १९६० ला स्वतंत्र झाला असता, तें ठरविण्याचा माझा अधिकार नाहीं. पण कुंपणाच्या वस्त्या उभ्या राहिल्या नसत्या.

आणि जमिनीचें काय? येथें मी मघांचा धागा पुन्हां हातीं घेतों. १९६२ पासून इंग्लंडनें मुख्यतः आपल्या पैशानें गोऱ्यांचे सुमारें दहा लाख एकर मळे विकत घेवविले आणि त्यांवर अंदाजें पस्तीस हजार आफ्रिकी कुटुंबें वसविलीं. मळेवाल्याला किंमत, रयतेला जमीन, हीच ती आमच्या मालगुजारीच्या वेळची युक्ति. तिच्यांत मोठें व्यंग होतें: आपल्याच पूर्वजांच्या जमिनीसाठीं आफ्रिकी शेतकऱ्याला कर्जाचे हप्ते फेडावे लागले. परंतु पैसा होता आणि युक्ति ठाऊक होती. १९५१ च्या मे महिन्यांत ती ग्रिफिथ्ससाहेबांच्या टेबलावर कोणीं ठेवली नाहीं, आणि ती अमलांत आली तेव्हां मध्यें अकरा वर्षें गेलीं होतीं. २०१३ सालीं इंग्लंडच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं पार्लमेंटांत खेद व्यक्त करून छावण्यांतल्या छळाबद्दल ५,२२८ वृद्ध केनियावासीयांना जवळजवळ दोन कोटि पौंड देण्याचें मान्य केलें. ती रक्कमहि त्या अकरा वर्षांच्या खात्यांतच लिहावयाची.

आतां आमच्या मालगुजारीचें एक येणें राहिलें आहे तेंहि सांगून टाकतों, नाहीं तर माझें चित्र फार गोड दिसेल. भंडारा हा तलावांचा जिल्हा. ते तलाव मालगुजारांच्या ताब्यांत होते, आणि गाळ काढणें, पाळ बांधणें हें गांवाकडून सक्तीनें करवून घेतलें जाई. १९५१ सालीं गांवांबरोबर तलावहि सरकारांत गेले. सक्ती गेली तें उत्तम झालें. पण सक्तीच्या जागीं ज्यांनीं तें काम आपलें म्हणून उचलावें अशी पंचायत त्या दिवशीं गांवांत उभी नव्हती. वही पटवाऱ्याची, हुकूम नागपूरचा. वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला. औंधानें आधीं पंच उभे केले आणि मग सत्ता दिली, तो क्रम आमच्या वांट्यास आला नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत भंडाऱ्याच्या बसस्थानकावर एक गृहस्थ पुढें आले व त्यांनीं माझ्या पायांना हात लावला. तोच तो शेवटच्या रांगेंतला मुलगा, आतां चाळिशीला टेकलेला. घरची धानाची शेती करतो. बस यावयाला अवकाश होता. तेव्हां मीं त्याला हीं दोन सालें सांगितलीं, १९५१ आणि १९६२, आणि वर्गांत दिलेलें उत्तर मागें घेतलें. त्याला तो प्रसंग आठवतहि नव्हता. तो हंसला व म्हणाला, "गुरुजी, आमच्या गांवच्या तलावाच्या गाळासाठी ग्रामसभा लावली हाय. तुमी या, अन् हे औंधाचं तिथं सांगा." मीं त्याला येतों म्हणून शब्द दिला. औंधच्या घटनेंतलीं पंचायतीचीं कलमें मीं एका कागदावर सोप्या भाषेंत उतरून काढलीं आहेत; तीं सभेंत वाचून दाखवावीं असा विचार आहे.